आसरांच्या ओट्याचे चार दगड

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गजाननने चौदावा दगड बसवला. रबरी हातोड्याने चारही कोपऱ्यांवर ठोके दिले, वर लेव्हलची पट्टी ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत वाट पाहिली. मग दगडावर उभं राहून त्याने अंगाचा भार एकदा डाव्या पायावर टाकला, एकदा उजव्या. दगड हलला नाही. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंतची अठ्ठावीस फुटांची पायवाट पूर्ण झाली होती. चार रविवार आणि दिवाळीची सुट्टी एवढा वेळ तिला लागला. मजूर एकही लावला नव्हता.

त्याच सुमारास तिथून साठ किलोमीटरवर, तीर्थपुरीजवळच्या एका शेतवस्तीवर, नंदाबाई घराबाहेर पडल्या. शेजारणीच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा साडेसात झाले असावेत. फोन त्यांनी घरीच चार्जिंगला लावून ठेवला होता.

गजानन जालन्यात सरकारी कार्यालयात कारकून आहे. वय बेचाळीस. मंठा रस्त्याला लागून झालेल्या एका नव्या वसाहतीत त्याने सहा वर्षांपूर्वी घर बांधलं. जमीन सगळी काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मागच्या वर्षी सप्टेंबरात त्याची आई गोजरबाई फाटकातून आत येताना चिखलात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून पायवाटेचा विषय घरात होता.

त्याची बायको शरयू शाळेत शिक्षिका आहे. तिचं म्हणणं साधं होतं. "पेव्हर ब्लॉक टाका. गुत्तेदार दोन दिवसांत मोकळा होतो."

"ब्लॉक उन्हात तापतात. माय अनवाणी चालते," गजानन म्हणाला. "दगडच हवा. आणि मीच बसवणार."

त्याने फोनवर बरेच व्हिडिओ पाहिले, वहीत आकृत्या काढल्या. फूटभर काळी माती काढून टाकली, मुरूम भरला, धुम्मस मारून तो दाबला, त्यावर दोन इंच दगडाची बारीक कच पसरली आणि कचीवर दगड. शेजारचे राधेश्याम रोज संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून उभे राहायचे.

"काय गुत्तेदार साहेब, आज किती दगड?"

"दोन."

"ह्या हिशोबानं फाटकापर्यंत पोचायला रिटायरमेंट येईल तुमची."

"येऊ द्या. पण एकही दगड डुलणार नाही," गजानन म्हणाला. "खाली पोकळी राहिली की दगड आज ना उद्या दगा देतो. म्हणून एकेक उचलून बघतोय."

चौदापैकी दहा दगड त्याने शेताच्या बांधावरून आणले होते. उरलेले चार मोठे होते. साडेचार फूट लांब, सव्वा फूट रुंद, चार इंच जाड, काळे, घडीव. ते आसरांच्या ओट्याचे.

शेत त्यांचं वडिलोपार्जित आहे. गजाननचे वडील वारल्यापासून देखरेख त्याचे चुलते काकासाहेब करतात. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि गावातच राहतात. आठ वर्षांपासून शेत कचरू बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, करतो. नंदाबाई त्याची बायको. शेताच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात हातभर उंचीचा एक ओटा होता. वर हे चार लांब दगड एकमेकांना खेटून मांडलेले आणि त्यांच्यावर मुठीएवढे, शेंदूर लावलेले सात गोटे. त्या आसरा, सात देवी. घरातल्या बायका वर्षातून एकदा तिथे दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवत. दुसरं कुणी त्या कोपऱ्याला हात लावत नसे.

गजाननने काकासाहेबांना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, "देवाला दुसरीकडं बसव. नारळ फोड, माफी माग, अन् दगड घेऊन जा. दगड काय, कुठंबी पडून राहायचे."

त्याने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सातही गोटे ताटात घेतले आणि दहा पावलांवरच्या लिंबाखाली त्याच क्रमाने मांडले. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नंदाबाईंनी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला आणि मग विचारलं, "गजूभाऊ, आसरा पाण्यापाशी बसतात. आमच्या माहेरी डोहावर हायेत. इथं तर पाणी न्हाई. मंग ह्या इथं काय करून राह्यल्या?"

"पाणी आणायला निघाल्या असतील," कचरू म्हणाला, "अन् तुझ्यासारख्या गप्पा मारत बसल्या."

"आपल्या घरी पाणी मी आणते. बसतो तू."

"तिकडे कालवा आहे की," गजानन म्हणाला.

"कालवा आत्ताचा. आसरा जुन्या."

"बाई, तू पहार दे इकडं," कचरू म्हणाला.

तिघांनी मिळून दगड एकेक करून उचकटले आणि लोखंडी पाइपांवरून घरंगळत टेम्पोपर्यंत नेले. दगडांखाली ठोकून बसवलेली माती होती, कोरडी आणि सपाट. चौथा दगड उचलताना मात्र पहार त्या मातीत हातभर आत गेली. कचरूने ती ओढून काढली आणि भोकात डोकावून पाहिलं.

"घुशीनं पोखरलंय," तो म्हणाला, आणि टाचेने माती दाबून त्याने भोक बंद केलं.

त्या आठवड्यात सोयाबीनचं मळणीयंत्र आलं. भुसाची गंजी लावायला कचरूला उंच जागा हवी होती. त्याने गजाननला फोन करून कळवलं, "ओटा मोकळा झाला ना, भूस तिथंच लावलं. बराबर जागा हाय. पाणी थांबत न्हाई." दिवाळीनंतर तीन दिवस पाऊस झाला. गंजी वरून भिजली, मग उन्हाने वाळली. नंदाबाई रोज सकाळी तिथून टोपलंभर भूस म्हशीसाठी काढत होत्या. खालचं कोरडं भूस हाती लागावं म्हणून त्या गंजीवर चढून मधला भाग मोकळा करायच्या.

जालन्यात गजाननने दगड पाण्याने धुतले तेव्हा एका दगडाच्या कडेला पाच खाचा निघाल्या. बोटाएवढ्या रुंद, काचेसारख्या गुळगुळीत, एकीशेजारी एक. पाथरवटाच्या टाकीच्या खुणा असतील असं त्याला वाटलं. शरयूला त्या आवडल्या. वाट जिथे वळते तिथे, नवव्या जागी, त्याने तो दगड खाचा वर ठेवून बसवला. पावसात पाय घसरणार नाही, हा विचार त्यामागे होता. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. काकासाहेबांनी फुलाचं चित्र पाठवलं. गोजरबाईंकडे बटणांचा साधा फोन आहे. त्या दीड महिन्यापासून वडीगोद्रीला लेकीकडे होत्या.

रविवारी नऊ वीसला जावयाने त्यांना गाडीने फाटकाशी सोडलं आणि तो पुढे कामाला गेला. गोजरबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी फाटकातच चपला काढल्या.

"घालून या ना, माय," शरयू म्हणाली.

"कोऱ्या कामावर चपला घालून कशी येऊ? लेकानं आपल्या हातानं केलंय."

भिंतीपलीकडून राधेश्याम म्हणाले, "बघा काकू, महाल झाला तुमचा."

"महाल कशाचा, अंगण हाय. पण पाय गार वाटतोय."

त्या हसत, एकेका दगडावर दोन्ही पाय टेकवत पुढे आल्या. नवव्या दगडावर थांबल्या. तळपायाने काहीतरी चाचपलं, मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या आणि उजव्या हाताची बोटं खाचांत घातली. बोटं बरोबर बसली.

"गजा, हा आडावरचा दगड हाय."

"कोणत्या आडावरचा?"

"आपल्या. हा काठाचा. मी लग्न होऊन आले तवा ह्या तीन खाचा व्हत्या. ह्या दोन माझ्या दोरानं पडल्या." त्यांनी मान वर केली. "कुठून आणला?"

"आसरांच्या ओट्याचा आहे."

"किती आणले?"

"चार."

"चारी आणले?"

गजाननने मान डोलावली. गोजरबाईंनी बोटं खाचांतून काढली नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. तो ओटा नव्हता, झाकण होतं. गजानन तीन वर्षांचा असताना त्या आडात एक कालवड पडून मेली. कालव्याचं पाणी आलं होतं, आडाची गरज संपली होती. त्यांच्या मालकांनी तोंडावर बाभळीची खोडं आडवी टाकली, खोडांवर पत्रे, पत्र्यांवर माती, आणि सगळ्यांच्या वर, या काठापासून त्या काठापर्यंत पोचणारे हे चार दगड. आड बुजवला नाही. पुन्हा दुष्काळ पडला तर उघडता यावा म्हणून ठेवला. आणि दगड कुणी हलवू नयेत म्हणून काठावरच्या आसरा उचलून दगडांवर बसवल्या.

"देवाला कोण हलवतंय, म्हणायचे तुझे वडील." मग त्यांनी विचारलं, "आता तिथं काय हाय?"

"भुसाची गंजी."

"भूस कोण काढतं?"

"नंदाबाई," गजानन म्हणाला. "रोज सकाळी."

नऊ सत्तावीसला त्याने फोन लावला, तो काकासाहेबांना. कचरूला काय सांगायचं ते आधी नक्की व्हावं, असं त्याला वाटलं.

"आड व्हता," काकासाहेब म्हणाले. "पण दादानं बुजवला तो."

"माय म्हणते, नुसता झाकला."

"वहिनीला काय आठवतंय? बुजवला. मला पत्र आल्तं दादाचं. मी तवा पिंपळगाव रेणुकाईला शाळेवर होतो."

गोजरबाईंनी फोन हातात घेतला. "भाऊजी, बुजवायला माती लागती. दोन नाडे जोडल्याबिगर घागर पाण्याला टेकत न्हवती त्या आडात. तेवढी माती कुणी आणली? तुम्ही आणली का पिंपळगावहून?"

"वहिनी, चिडू नका. कोणतं साल ते सांगा."

"साल मला काय माहीत? कालवड पडली त्या साली."

"कालवड पडली ते आड बुजवायच्या आधी दोन वर्षं. मी सुट्टीला आल्तो, मी सोता बघितली."

"तुम्ही बघितली ती रामरावाच्या विहिरीतली. आपली येगळी."

मग कालवड कोणाची, कोणत्या गाईची, त्या वर्षी काकासाहेबांची बदली झाली होती की नव्हती, हे निघालं. काकासाहेब म्हणाले की आड उघडा असता तर त्यांनी दगड न्यायला हो म्हटलंच नसतं. ते त्यांनी तीन वेळा सांगितलं. गजानन मधूनमधून "काका, ऐका" म्हणत होता. शेवटी शरयूने त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"अहो, खरं-खोटं नंतर बघा. आधी कचरूला लावा. जल्दी."

ते बोलणं अकरा मिनिटं चाळीस सेकंद चाललं होतं.

कचरूला नऊ एकोणचाळीसपासून तीन फोन गेले. तो तीर्थपुरीला फवारणीचा पंप दुरुस्त करून घेत होता. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. नंदाबाईंचा फोन त्यांच्या रिकाम्या घरात वाजत राहिला. नऊ सेहेचाळीसला गजाननने शेजारच्या शेतातल्या रामप्रसादला गाठलं. रामप्रसाद गावात होता. तो मोटरसायकलवर निघाला.

नऊ अठ्ठावन्नला त्याने फोटो पाठवला. गंजी मधोमध बसली होती, परातीसारखी. खाली त्याने लिहिलं होतं : कोनी नाही. लगेच त्याचा फोन आला.

"गजूभाऊ, कडेचं भूस अजून आत सरकून राह्यलंय. थोडं थोडं. मी जवळ जाऊ का?"

"बिलकुल जाऊ नको. हाका मार."

रामप्रसादने हाका मारल्या. त्या फोनवर सगळ्यांना ऐकू आल्या. उत्तर आलं नाही.

"इथं टोपलं पडलंय एक," तो म्हणाला.

कचरू दहा वीसला शेतावर पोचला. टोपलं पाहून तो म्हणाला, "ते तिथंच असतंय. रोज तिथंच ठेवती ती. ती काय खूण न्हाई." हे तो प्रत्येक येणाऱ्याला सांगत राहिला. पोलिसांना कळवण्यात आलं. लोकांनी कचरूच्या कमरेला दोर बांधला, कारण तो दोनदा गंजीकडे धावला होता.

मग त्याला आठवलं. नंदाबाईंची भाची मोनाली कालव्यावरच्या वस्तीवर राहते. ती बाळंतीण होऊन बावीस दिवस झाले होते. दर दोन-तीन दिवसांनी नंदाबाई सकाळी तिच्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला जात. "आज तिकडंच गेली असंल," कचरू म्हणाला. दहा चाळीसला एकजण मोटरसायकलने वस्तीवर गेला. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, बाळाला दाखवायला अंबडला गेलेत, भाड्याच्या गाडीने. सोबत कोण होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मोनालीचा फोन बंद होता.

"मंग तिच्यासंगंच गेली," कचरू म्हणाला. "बाळंतिणीला एकटं कशी सोडंल?" ते पटण्यासारखं होतं. बऱ्याच जणांनी मान डोलावली. कुणीतरी त्याला पाणी दिलं.

गजानन अकरा पस्तीसला आला. मागच्या सीटवर गोजरबाई होत्या. त्यांना नको म्हटलं तरी त्या गाडीत बसल्या होत्या. उतरून त्या आधी लिंबापाशी गेल्या, सात गोट्यांकडे पाहिलं आणि तिथून काठी टेकत पावलं मोजत गंजीकडे निघाल्या. दहाव्या पावलावर थांबून त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली.

"इथवर पक्कं हाय. हा बांधलेला काठ. पुढं पाय टाकू नका."

काकासाहेब आले होते. ते गर्दीच्या मागे उभे होते. गोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

फळ्या आडव्या टाकून त्यांच्यावर पालथं झोपून दोन माणसांनी दाताळ्याने भूस ओढायला सुरुवात केली. सव्वाबाराला पोलीस आले, त्यांनी गर्दी मागे हटवली. एक वाजता पहिला पत्रा दिसला. तो वाकून खाली लोंबत होता. बाभळीचं खोड हाताने चुरडत होतं. दोन वाजता आडाचं तोंड मोकळं झालं. साडेतीन फुटांचं होतं. आत वीस फुटांवर भूस अडकून बोळा बसला होता. त्याखाली काही दिसत नव्हतं. गॅस असेल म्हणून आत कुणी उतरायचं नाही, असं पोलिसांनी सांगितलं. गावातून गळ आणला, विहिरीत पडलेली बादली काढायचा असतो तो.

गळ पहिल्यांदा भूस घेऊन आला. दुसऱ्यांदाही भूस. तिसऱ्यांदा पत्र्याचा तुकडा आणि बाभळीचं लाकूड. तोपर्यंत बोळा फुटून भूस खाली गेलं होतं आणि पाण्याचा आवाज आला होता. चौथ्यांदा गळ रिकामा आला. बावन्न फुटांच्या खालचा दोर ओला होता.

प्रत्येक वेळी गळ वर येताना कचरू लिंबाकडे तोंड करून उभा राहत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी मोनालीचा फोन लागला. ती नुकतीच अंबडहून निघाली होती. बॅटरी संपली होती, गाडीत चार्ज केली, असं तिने सांगितलं. फोन रामप्रसादच्या हातात होता. त्याने आवाज मोठा केला.

"मोनाली, मावशी तुझ्यासंगं हाय का?"

"मावशी? न्हाई. सकाळी आल्ती ना. बाळाला न्हाऊ घातलं तिनं. मी म्हणलं चल अंबडला, तर म्हणली म्हशीला भूस टाकायचं राह्यलंय, ते टाकते, मंग जमलं तर तीर्थपुरीला जाते. काहून? काय झालं?"

"निघाली कधी ती?"

"आमची गाडी आल्ती तवाच. साडेनऊ झाले व्हते."

कालव्याच्या वस्तीपासून गंजीपर्यंत पायवाटेने वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. त्याच वाटेवर मध्ये एक फाटा तीर्थपुरीच्या रस्त्याला जातो. पोलिसांनी एका माणसाला बसथांब्यावर आणि दुकानांत चौकशी करायला पाठवलं. गजानन खाली बसला होता. त्याच्या हातात फोन होता आणि तो सकाळच्या फोनांच्या यादीतली पहिली ओळ पाहत होता: काकासाहेब, नऊ सत्तावीस, अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी गळ पाचव्यांदा खाली सोडण्यात आला.